दक्षिण फाटकाबाहेर

लोणावळा,
२७ एप्रिल २०२५

चि. आकाश,
सप्रेम जय भीम.

पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, त्यामुळे सुरुवात कशी करावी कळत नाही. काल मुंबईला तुमच्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, विमान पडल्यापासून मारेला बेटावरच्या सगळ्या कामगारांचे मोबाईल काढून घेतलेत, चौकशी संपेपर्यंत मिळणार नाहीत. पत्र द्यायचं असेल तर आमच्या टपालाच्या थैलीतून जाईल. तुझं नाव सांगितलं तर संगणकात बघून लगेच म्हणाल्या, "हो, हे हजर आहेत." गौरवचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांची माहिती तिकडून यायची आहे."

तुम्ही दोघं एकाच आगीच्या बंबावर कामाला. तू हजर आहेस आणि माझ्या भावाची माहिती यायची आहे, हे कसं?

इथे टीव्हीवर दोन मिनिटं दाखवलं. आठ तारखेला लष्करी मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं, आतले सगळे सैनिक गेले. 'विमान निर्मनुष्य किनाऱ्यावर पडल्याने जमिनीवर कुणालाही इजा झालेली नाही,' असं वाक्य होतं. मग ते बेट नेमकं कुणाचं यावर दोन माणसं भांडत बसली. शेजारचा देश म्हणतो आमचं, ज्यांनी तळासाठी भाड्यानं दिलं ते म्हणतात आमचं, खटला चालू आहे वगैरे. मला हे सगळं नवीनच होतं. गौरव फोनवर उकाडा, डाळ पातळ आणि आकाश घोरतो, यापलीकडे काही सांगायचा नाही.

आई तिकोणा पेठेतच आहे. तिला मी मोबाईल काढून घेतल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "जयंतीला तरी कुनाचा मागून लावला असता." दरवर्षी विहारातून मिरवणूक निघायच्या आधी त्याचा फोन येतो. यंदा ती फोन हातात धरून पायरीवर बसून राहिली. मिरवणूक निघून गेली तरी उठली नाही.

तुझी आई कुरवंड्याहून मुद्दाम मला भेटायला माझ्या कामावर, हॉटेलवर आली होती. तिला तू हजर असल्याचं सांगितलं. ती रडली आणि मग माझं सांत्वन कसं करावं ते तिला सुचेना.

गौरव दवाखान्यात असेल तर तसं लिही. भाजला असेल तर तसं लिही. काही असलं तरी मी आईला सांभाळून घेईन. फक्त लवकर लिही.

तुझी,
चैतालीताई


मारेला बेट,
१९ मे २०२५

आदरणीय चैतालीताई,
जय भीम.

आपले पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

कळविण्यास अत्यंत दुःख होते की, कंपनीच्या म्हणण्यानुसार गौरव हा दिनांक ८ एप्रिल रोजी कामावरून सुटल्यानंतर समुद्रात पोहण्यास गेला होता व तेथे बुडून त्याचा मृत्यू झाला. त्याचा विमान अपघाताशी संबंध नाही, असे कंपनीने नमूद केले आहे. शोध घेतला असता मृतदेह सापडलेला नाही, असेही कंपनीने कळविले आहे.

आम्हा सर्व सहकाऱ्यांस अतीव दुःख झाले आहे. शालनमावशींची काळजी घ्यावी.

येथे सर्व व्यवस्थित आहे. जेवण वेळेवर मिळते.

आपला,
आकाश


लोणावळा,
६ जून २०२५

आकाश,

तुझं पत्र दहादा वाचलं. आधी वाटलं, दुसऱ्या कुणी लिहिलंय. पण अक्षर तुझंच आहे.

गौरव बुडाला? हे तू मला लिहितोस? तिकोण्याच्या पायथ्याला पवनेच्या पाण्यात वाढलेला मुलगा. पावसाळ्यात भुशी धरणाला माणूस वाहून गेलं की पोलीस आधी तुम्हा पोरांनाच फोन करायचे. तू दोर धरायचास आणि तो पाण्यात उतरायचा. पुण्याच्या त्या कुटुंबाला काढलं तेव्हा मी काठावर होते. त्यातल्या मेलेल्या बाईला त्यानं बाहेर आणलं, तोंडावर स्वतःचा शर्ट टाकला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "मोबाईल खाली ठेवा." पाण्याला त्याच्याइतका घाबरून असणारा माणूस मी पाहिला नाही. म्हणून तर तो कधी बुडाला नाही. दिवसभर ड्यूटी करून, बाजूला विमान जळत असताना तो पोहायला गेला?

आणि 'आदरणीय'? 'नमूद केले आहे'? तू आमच्या घरी वांग्याचं भरीत खाऊन मागच्या खोलीत झोपायचास, आकाश. आईच्या हातच्या भाकरीचे पापुद्रे कोण जास्त खातो यावरून तुमची मारामारी व्हायची. त्या बाईला तिचा मुलगा गेल्याचं तू सरकारी नोटीस दिल्यासारखं कळवलंस. जेवण वेळेवर मिळतं म्हणे.

कंपनीनं तुला काय सांगायला लावलं, कशाच्या बदल्यात, ते मला माहीत नाही. नोकरी टिकवायची असेल तर टिकव. तुझ्या घरीही अडचणी आहेत, मी समजू शकते. पण मग मला पत्र तरी लिहू नकोस.

आईला मी सांगितलं. सांगावंच लागलं, तिनं पाकीट पाहिलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई." एवढंच. मग शेळीला पाला घालायला गेली.

चैताली


मारेला बेट,
२२ जून २०२५

चैतालीताई,

हे पत्र कामशेतचे मारुतीदादा बुटाच्या तळाखाली घालून आणतायत. ते आमच्या इथे आचारी होते, करार संपवून घरी चाललेत. थैलीतलं प्रत्येक पत्र इथे फोडून वाचतात. आमच्या कॅम्पात मराठी वाचणारा एक माणूस त्यांनी त्यासाठीच बसवलाय. मागचं पत्र मी त्याच्यासमोर बसून लिहिलं.

ते पत्र फाडलं नसशील तर पुन्हा वाच. 'मी पाहिलं' असं मी त्यात कुठंच लिहिलेलं नाही. कंपनीचं म्हणणं, कंपनीने कळविले, एवढंच. मला वाटलं, तू ओळखशील. तुझं उत्तर वाचल्यावर कळलं की नाही ओळखलंस. चूक तुझी नाही. एवढं दुःख झाल्यावर कोण असं वाचतं.

आता खरं सांगतो.

धावपट्टीच्या दक्षिणेला कुंपण आहे आणि त्यात एक फाटक. कुंपणापलीकडे वस्ती आहे. पत्र्याची घरं, नारळ, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. तळ बांधला तेव्हा या लोकांच्या आजा-पणज्यांना बोटीत घालून दुसरीकडे नेऊन सोडलं होतं. आता त्यांची पोरंबाळं परत येऊन राहिलीत. तळाच्या नकाशावर तिथं नुसती वाळू आहे. तिथं माणसं राहतात हे एकदा कबूल केलं की खटल्यात बेट हातचं जाईल, असं सगळे म्हणतात. म्हणून ती माणसं नाहीतच. रोज कुंपणाशी येऊन ती आम्हाला मासळी विकायची, तरी नाहीत.

त्या दुपारी समुद्राकडून तिरका पाऊस होता. विमान एकदा खाली आलं आणि परत वर गेलं. दुसऱ्यांदा आलं ते फार खालून. आधी नारळांची टोकं उडाली, मग विमानाचं नाक सरळ वस्तीत घुसलं. शेपूट आमच्या कुंपणावर आडवं.

आमचा बंब पहिला पोचला. मी पंपावर, गौरव आणि रतन नळीवर. इंधन वाहत घरांकडे चाललं होतं आणि त्याच्या मागोमाग आग. सुपरवायझर रेडिओवर एकच सांगत होता, फक्त विमान विझवा, कुंपणापलीकडे जायचं नाही, तिथं कुणी नाही. आणि आम्हाला तिथली ओरड ऐकू येत होती.

गौरव माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्या, आत माणसं हायत."

मी म्हणालो, "ऑर्डर न्हाई."

"भुशीला कुनाची ऑर्डर असती?" असं म्हणून त्यानं नळी रतनच्या हातात दिली आणि तुटलेल्या कुंपणातून गेला. मी पंप सोडला असता तर रतन आगीसमोर कोरडी नळी घेऊन उभा राहिला असता. म्हणून मी सोडला नाही.

थोड्या वेळानं धुरातून दोन मुली बाहेर आल्या. मोठ्या मुलीच्या अंगावर आमच्या खात्याचा जाड कोट होता, जमिनीला टेकणारा. तो गौरवचा. मग इंधनाची दुसरी टाकी फुटली आणि पुढचं काही दिसेना.

अंधार पडायच्या आत आम्हाला कॅम्पात नेऊन हजेरी घेतली. सुपरवायझरनं वर कळवलं, सगळे हजर. मी म्हणालो, गौरव नाही. तो म्हणाला, "येईल." त्याचा माणूस ऑर्डर मोडून कुंपणापलीकडे गेला हे त्याला सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी 'येईल'चं 'बुडाला' झालं.

त्यांनी एक जबाब तयार ठेवलाय. गौरवला टॉवेल घेऊन किनाऱ्याकडे जाताना मी पाहिलं, असा. मी सही केलेली नाही. रतनलाही विचारलं. तो काही बोलतच नाही, नुसता छताकडे बघत पडून असतो. मला बंबावरून काढून भांडी घासायला लावलंय. पुढे काय करतील माहीत नाही.

मी त्याला मेलेलं पाहिलेलं नाही, ताई. पण तो समुद्राकडे गेला नाही. हे मी कुणासमोरही सांगेन.

आकाश


लोणावळा,
२० जुलै २०२५

प्रिय आकाश,
सप्रेम जय भीम.

मारुतीदादा स्वतः हॉटेलवर आले. शनिवारची गर्दी होती, काउंटरवर माणसं चावीसाठी भांडत होती. त्यांनी पत्र हातात ठेवलं आणि म्हणाले, "बसून वाच बाई." मी भांडारखोलीत जाऊन चादरींच्या ढिगावर बसून वाचलं. मागच्या पत्रात तुला जे बोलले ते परत घेता येणार नाही. तू मनात ठेवू नकोस, एवढंच.

आईला वाचून दाखवलं. कोटाचं ऐकल्यावर तिनं विचारलं, "पोरी केवढ्या व्हत्या?" मला ठाऊक नव्हतं.

आता पुढचं ऐक. गेल्या मंगळवारी कंपनीचा माणूस तिकोणा पेठेला आला. गाडी, छत्री धरायला ड्रायव्हर, स्वभावानं सभ्य. मी सुट्टी काढून गेले होते. तो म्हणाला, "एक चांगली बातमी आहे. गौरव यांचं शव मिळालं आहे. आम्ही ते सन्मानानं घरी पोचवू."

मी विचारलं, "कुठे मिळालं?"

"किनाऱ्यावर."

"तीन महिन्यांनी?"

तो म्हणाला, "मॅडम, मला तिकडून जेवढं कळवलंय तेवढंच मी सांगतो." मग त्यानं कागद पुढे केला. मृत्यू समुद्रात बुडून झाला हे आम्हाला मान्य आहे आणि शव हलवायला आमची संमती आहे, असा. त्यावर आईची सही हवी. मुदत दसऱ्यापर्यंत.

मी कागद ठेवून घेतला. तो गेल्यावर आईनं मागच्या अंगणातल्या बाभळीच्या फांद्या छाटून घेतल्या. म्हणाली, "पेटी आत न्यायला वाट पायजे." तिला सही करायची आहे, आकाश. आणि खरं सांगू, मलाही. कारण काहीही लिहू देत, तो घरी तर येईल. भुशीच्या काठावर देहाची वाट बघत बसलेली माणसं मी किती पावसाळे पाहिली आहेत. देह मिळाला की ती रडून मोकळी होतात, गावी जातात. न मिळालेली पुढच्या वर्षी परत येऊन पाण्याकडे बघत बसतात.

पण एक प्रश्न झोपू देत नाही. तो वस्तीत गेला आणि परत आला नाही. मग शव यांना मिळालं कुठून? तो लगेच गेला का? त्याच्याजवळ कुणी होतं का? तुला कळलं असेल तर मला लिही. आईसाठी वेगळं काही लिहू नकोस, तिच्यासाठी काय गाळायचं ते मी बघेन.

हे पत्र मारुतीदादांच्या जागी येणाऱ्या नव्या आचाऱ्याबरोबर देते आहे.

तुझी,
चैतालीताई


पोर्त अमारी,
३ सप्टेंबर २०२५

प्रिय चैतालीताई,
सप्रेम जय भीम.

गावाचं नाव बघून दचकू नकोस. मला कामावरून काढून मालवाहू बोटीत बसवलं आणि या शेजारच्या देशाच्या राजधानीत आणून सोडलं. फोन करता आला असता. पण वस्तीच्या लोकांचे वकील म्हणतात, फोनवर काही बोलू नकोस. आणि खरं तर मलाच जमलं नसतं. हे मी बोलून सांगू शकत नाही.

बेट कुणाचं या खटल्यासाठी आयोग बसलाय. त्यासमोर साक्ष द्यायला वस्तीतली काही माणसं होड्यांतून इथं आलीत. त्यांत सोलीन नावाच्या बाई आहेत. मावशींच्याच वयाच्या, मासे सुकवायचं काम करतात. ती दोन मुलं त्यांच्या नाती. मोठी नऊ वर्षांची, धाकटी पाचची. हे मावशींना सांग, त्यांनी विचारलं होतं.

तू विचारलंस, तो लगेच गेला का. नाही, ताई.

मुलांना बाहेर ढकलून तो सोलीनबाईंच्या मुलीला काढायला वळला, तेव्हा टाकी फुटली. मुलगी गेली. गौरव फार भाजला, पण जिवंत होता, शुद्धीत होता. वस्तीत औषध म्हणून खोबरेल तेल. सोलीनबाईंच्या पुतण्यानं त्याला मासळीच्या हातगाडीवर घातलं आणि दक्षिण फाटकावर नेलं. फाटकापासून तळाचा दवाखाना दिसतो. आम्ही तिथं सर्दीच्या गोळ्या आणायला जायचो.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, वस्तीतल्या लोकांना आत घेता येत नाही. गौरवचा कोट त्या मुलीच्या अंगावर. गळ्यातलं ओळखपत्र जळालेलं. अंगावर काजळी. हातगाडीवर पडलेला एक काळा माणूस. तो इंग्रजीत सांगत होता, मी बंबावरचा आहे. पहारेकऱ्यानं आत फोन लावून विचारलं. आतून उत्तर आलं, आपली सगळी माणसं आत आहेत. पुतण्याला इंग्रजी येतं, त्यानं हे कानांनी ऐकलं. म्हणजे मी ज्या हजेरीत उभा होतो, तीच हजेरी.

हातगाडी परत फिरवली.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सोलीनबाई रात्रंदिवस त्याच्याजवळ होत्या. स्वतःच्या मुलीला पुरून आल्या आणि परत त्याच्यापाशी बसल्या. शेवटी शेवटी तो आपल्या भाषेत बोलत होता. त्यांना अर्थ कळत नव्हता, पण एक बोल इतक्या वेळा बोलला की त्यांना तो पाठ झालाय. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी तो म्हणून दाखवला आणि विचारलं, हे काय आहे? नाव आहे का कुणाचं?

त्या म्हणाल्या, "हितंचाय आये."

 मी त्यांना सांगितलं, आईनं हाक मारली की आमच्याकडे असं उत्तर देतात. मी इथंच आहे, आई.

त्यांनी त्याला वस्तीच्या स्मशानात पुरलं, आपल्या मेलेल्या माणसांच्या रांगेत.

आता त्या सहीचं. वकिलांनी सांगितलं तसं सांगतो. त्या दिवशी वस्तीतली नऊ माणसं मेली. त्यांच्याजवळ कुठल्याच देशाचे कागद नाहीत. तळवाले म्हणतात, ते वाळूचे ढीग आहेत, फार तर जुनी थडगी असतील. पासपोर्ट असलेला, नाव-गाव असलेला, त्याच दिवशी तिथं होता असं सिद्ध होऊ शकणारा माणूस एकच आहे, गौरव. म्हणून कंपनीला तो तिथून उचलून न्यायचाय. घरच्यांची संमती असेल तर आयोग अडवू शकत नाही. संमती नसेल तर त्या स्मशानाला निकाल लागेपर्यंत कुणी हात लावू शकत नाही.

वकील म्हणाले, तू त्या कुटुंबाला समजाव. मी म्हणालो, मी फक्त कळवीन. सही करा म्हणणार नाही आणि करू नका असंही म्हणणार नाही. त्याला घरी आणावंसं वाटणं यात काहीही चुकीचं नाही. सोलीनबाईंनाही तसंच वाटतं. त्या म्हणाल्या, आईनं मागितला तर द्यावा लागेल.

फाटकाचं मावशींना सांगू नकोस, असं माझं मत. पण तू ठरव.

तुझा,
आकाश


तिकोणा पेठ,
५ ऑक्टोबर २०२५

बाळ आकाश,
जय भीम.

मी शालनमावशी बोलतीय, चैताली लिवतीय. तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिव, सुदारू नको.

तुजं पत्र तिनं मला अर्दंच वाचून दावलं. मदीच थांबली. म्या म्हणलं, पान उलट. ती म्हणली, संपलं. म्या म्हणलं, मागल्या बाजूचं अक्षर उजेडात हितनं दिसतंय. मग वाचलं तिनं. सगळं वाचलं. फाटकाचं बी.

दोन रोज मी उठलेच न्हाई. शेळी बी चैतालीनंच सोडली. माझ्या डोळ्यांम्होरं नुसती ती हातगाडी. माझ्या आज्याला पानवठ्यावरनं परत लावल्याल्या गोष्टी मी ल्हानपणी लय ऐकल्यात. त्यो म्हणायचा, तुमच्या वक्ताला आसं ऱ्हाणार न्हाई. आन माझं लेकरू मरता मरता दारातनं परत लावलं. कुनी लावलं, तर त्याच्याच संगच्यांनी. त्याला ज्यांनी घरात घेतलं त्यांच्या सोताच्या घराला छप्पर नव्हतं.

तरीबी मला सही करायची व्हती, आकाश. तुला खोटं कशाला सांगू. आईला दुसऱ्याचा कोर्ट-खटला कशाला पायजे. मला माझा पोरगा पायजे व्हता.

धम्मचक्र दिनाला त्यो कंपनीचा माणूस आला. मी धरणाच्या कडंला गेलते. चैताली त्याला तितंच घिऊन आली. यंदा पाणी लय हाय. आता तितं तंबू लावत्यात, पुण्या-मुंबईची माणसं येत्यात, शेकोट्या करत्यात. त्या मानसानं आपलं बोलायचं म्हणून म्हणलं, "काय छान जागा आहे, मावशी. अगदी मोकळी. इथे पूर्वीपासून काहीच नव्हतं का?"

माझं म्हायेर त्या पाण्याखाली हाय. माझी आई तितंच पुरलीय. मी त्याला बोट करून दावलं. तिथून तितपोत्तर घरं व्हती, ही आमची, ती मांगाची, तिकडं मराठ्यांची आळी, हिकडं मसणवाटा. त्यो बगत ऱ्हायला. त्याला पानीच दिसत व्हतं. म्या म्हणलं, "सायेब, मी हाय तवर तितं गाव व्हतं. मी गेल्यावर तुमी म्हणताय तेच खरं."

आन मग मला कळलं, त्या वस्तीतल्या बाया कशासाटी भांडत्यात.

त्यानं कागद काढला. म्या म्हणलं, न्हाई करायची सही. त्यो म्हणला, "मावशी, मुलगा परक्या मुलखात राहील. तुम्हाला नंतर वाईट वाटेल." म्या म्हणलं, "वाईट तर वाटनारच. ते काय सही केली म्हणून ऱ्हातंय व्हय? माझा पोरगा बुडाला न्हाई. आन त्यो 'हितंच हाय' म्हणला. त्यानं सांगितलंय कुटं हाय ते. आता मी खोटं बोलून त्याला तितनं उठवू का?"

 त्यानं कागद घडी करून खिशात घातला. जाताना पाया पडला. कशाला पडला कुनास ठाव.

आता तुला जे कुनाम्होरं सांगायचं ते सांग. माझं नाव घाल. शालन ओव्हाळ, गौरवची आई, सही देनार न्हाई, आसं लिवून माझा आंगठा न्हाई, सही धाडतीय. मला सही येती.

एकच इचारायचं हाय. त्याच्या शेजारला कोन हाय? दोनी बाजूला कोन कोन हाय ते मला लिव.

तुजी,
मावशी

आकाश, हे माझं: या पत्रावर सही केल्यावर आई रात्री जेवली. मी मात्र अजून तिच्याएवढी मोठी झालेली नाही. रोज वाटतं, त्याला आणायला हवं होतं. — चैताली


पोर्त अमारी,
११ जानेवारी २०२६

प्रिय चैतालीताई आणि शालनमावशी,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला, कारण बेटावर जाऊन आल्याशिवाय मला मावशींच्या प्रश्नाचं उत्तर नीट देता आलं नसतं.

साक्ष झाली. तळाच्या वकिलानं मला विचारलं, तू कंपनीनं काढून टाकलेला माणूस, रागानं बोलतोयस ना? मी म्हणालो, राग आहेच. मग मी मावशींचं पत्र मराठीत वाचलं आणि दुभाष्यानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. हजेरीचं मी सांगत होतो तेव्हा मागून दार वाजलं. रतन आला होता. त्यानं करार मोडला आणि स्वतःच्या खर्चानं बोट पकडून आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो त्या दिवसाबद्दल बोलला. सुपरवायझरचं रेडिओवरचं बोलणं त्यानं शब्द न् शब्द सांगितलं.

यातून काय झालं, ते खरं तेवढंच सांगतो. अपघाताच्या अहवालात 'जमिनीवर कुणालाही इजा नाही' हे वाक्य होतं. त्याजागी आता 'जमिनीवरील मृतांची संख्या निश्चित नाही' असं आलंय. कुणावर कारवाई नाही. सुपरवायझर दुसऱ्या तळावर गेला. वस्ती उठवायची नोटीस परत लागलीय. बेटाचा निकाल कधी लागेल, कुणाच्या बाजूनं लागेल, कुणी सांगू शकत नाही. स्मशानाला मात्र तोवर हात लावायचा नाही असा हुकूम आहे, आणि त्या हुकुमात गौरवचं पूर्ण नाव आहे, तिकोणा पेठ, तालुका मावळ, जिल्हा पुणे इथपर्यंत.

आयोगाची माणसं बेटावर गेली तेव्हा मलाही नेलं. त्या दिवशी दक्षिण फाटक उघडलं. पहारेकरी बाजूला उभे राहिले आणि सोलीनबाई आमच्या पुढे चालत बाहेर पडल्या. त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही.

स्मशान नारळांच्या मागं, थोडं उंचावर आहे. समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. प्रत्येकाच्या डोक्याशी होडीच्या फळीचा तुकडा रोवलाय. गौरवच्या फळीवर नाव नव्हतं, कारण त्यांना ते कसं लिहायचं ठाऊक नव्हतं. मी खिळ्यानं कोरलं. मराठीत. नऊ वर्षांची नात शेजारी बसून बघत होती, मग तिनं ती अक्षरं वाळूत काढून पाहिली.

मी पुढच्या महिन्यात कुरवंड्याला येतोय. आल्या दिवशी तिकोणा पेठेला येईन.

मावशी, तुम्ही विचारलं होतं. त्याच्या डाव्या बाजूला सोलीनबाईंची मुलगी आहे, जिला काढायला तो वळला होता. उजव्या बाजूची जागा मोकळी आहे. मी विचारलं, ही कुणाची. सोलीनबाई म्हणाल्या, ती माझी.

तुमचा,
आकाश